संगणकांची सोयरीक

शासकीय कार्यालय असो वा महाविद्यालयाची प्रयोगशाळा, तेथील संगणकाच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने एक क्रमांक लिहिलेला असतो, आणि तोच क्रमांक डेडस्टॉक रजिस्टरात खरेदीचे वर्ष, किंमत व पुरवठादार यांच्यासह नोंदलेला असतो. हा क्रमांक म्हणजे त्या यंत्राचे नाव. यंत्र कोणत्या खोलीत आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि हरवल्यास जबाबदारी कोणाची, एवढे या नावावरून कळते. परंतु त्याची मेमरी किती, त्यावर कोणती कार्यप्रणाली चालते आणि ते या क्षणी कामात आहे की रिकामे बसले आहे, हे त्यावरून कळत नाही. ओळखण्याची दुसरी रीत यापेक्षा वेगळी आहे. तिच्यात नाव विचारले जात नाही. वस्तूचे जे गुणविशेष तिला इतर वस्तूंपासून वेगळे करतात, ते एकेक करून तपासले जातात आणि हव्या असलेल्या गुणांशी ताडून पाहिले जातात. संगणकशास्त्रात गेल्या चार दशकांत या दुसऱ्या रीतीचे महत्त्व सतत वाढत गेले असून, संशोधनासाठी योग्य यंत्र शोधण्यापासून चोरीस गेलेला मोबाइल ओळखण्यापर्यंतची अनेक कामे आज तिच्यावर अवलंबून आहेत.

नाव आणि गुण यांतील हा भेद वऱ्हाडाला अपरिचित नाही, कारण येथील कापसाच्या व्यापाराने तो फार पूर्वी अनुभवला आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडचा कापूस ‘उमरा’ या नावाने विकला जाई. अमरावतीचे जुने रूप उमरावती, त्यावरून हे नाव पडले. पुढे हे नाव एवढे रूढ झाले की खानदेश, मध्य प्रांत आणि निजामाच्या मुलखातील कापूसही त्याच सदरात मोडू लागला, आणि ज्या नावाने प्रारंभी एक विशिष्ट मुलूख सांगितला जात असे, ते नाव माल वेगळा ओळखण्याच्या कामी अपुरे पडू लागले. आज कापसाची प्रत ठरवताना गावाचे नाव विचारले जात नाही, तर धाग्याची लांबी, मायक्रोनेअर आणि ओलावा पाहिला जातो. मायक्रोनेअर म्हणजे ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडून काढलेले तंतूच्या बारीकपणाचे व पक्वतेचे माप. लांब धाग्याचा म्हणून हमीभावाने घेतल्या जाणाऱ्या कापसाची लांबी २९.५ ते ३०.५ मिलिमीटर आणि मायक्रोनेअर ३.५ ते ४.३ असावा लागतो. गाडी अकोटची आहे की दर्यापूरची, याला या मोजमापात काही स्थान नाही.

संगणकाच्या क्षेत्रातही असाच प्रवास घडला, आणि त्याच्या भारतीय इतिहासाचा प्रारंभ वऱ्हाडातील एका नावाशी जोडलेला आहे. डॉ. विजय भटकर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा या गावी झाला. अमेरिकेने अधिक शक्तिशाली महासंगणक भारताला देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले, आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. एकच अतिवेगवान आणि महागडा प्रोसेसर बांधण्याऐवजी अनेक साधे प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्याकडून एक मोठे काम वाटून करून घ्यायचे, ही त्यामागची समांतर संगणनाची कल्पना होती; त्यासाठी इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर वापरण्यात आले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. परममधील सर्व घटक एकाच जातीचे असल्यामुळे त्यांपैकी कोणता निवडायचा हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. सतराव्या घटकाने केले तर जे उत्तर येईल आणि जेवढा वेळ लागेल, तेच बत्तिसाव्यानेही घडेल. ज्या समूहात सर्व सारखे असतात, तेथे नुसत्या क्रमांकाने काम भागते.

हे समीकरण मोडले ते निरनिराळ्या संस्थांची निरनिराळी यंत्रे जाळ्याने जोडण्यास सुरुवात झाली तेव्हा. सी-डॅकने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘गरुड’ हा राष्ट्रीय ग्रिड संगणन प्रकल्प हाती घेतला आणि १७ शहरांतील ४५ संस्था त्यात जोडल्या. ग्रिड म्हणजे दूरदूरच्या संस्थांची संगणनशक्ती एकत्र आणून ती, विजेच्या जाळ्यातून वीज मिळावी तशी, गरजूला मिळवून देणारी व्यवस्था. परंतु विजेचे एक युनिट दुसऱ्या युनिटासारखेच असते. संगणकांचे तसे नाही. एका संस्थेत जुने पण भरपूर यंत्रांचे समूह, दुसरीकडे मोजकी परंतु प्रचंड मेमरीची यंत्रे, तिसरीकडे हवे ते सॉफ्टवेअर आहे पण ते फक्त रात्री मोकळे, अशी परिस्थिती असताना संशोधकाने यंत्राचे नाव घेऊन काम पाठवणे म्हणजे अंधारात वाट शोधणे होय. त्याला नाव ठाऊक असण्याचे कारणही नाही. त्याला गरज ठाऊक असते. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातील यंत्रांमध्ये तर एकाच महासंगणकात साधे घटक, अधिक मेमरीचे घटक आणि ग्राफिक प्रोसेसर बसवलेले घटक शेजारी शेजारी असतात, त्यामुळे परम ८००० च्या काळी जो प्रश्न उद्भवत नव्हता, तो आता एकाच इमारतीच्या आतही उभा राहतो.

या प्रश्नाचे सर्वांत सुबक उत्तर अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झाले. प्राध्यापक मिरॉन लिव्हनी यांच्या मार्गदर्शनाखाली १९८० च्या दशकात तेथे ‘काँडॉर’ नावाची प्रणाली उभी राहिली. प्राध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या टेबलावरचे संगणक दिवसाचा बराच वेळ रिकामे असतात, तो वाया जाणारा वेळ गोळा करून त्यातून मोठी गणिते सोडवावीत, हा तिचा उद्देश होता. १९९८ मध्ये राजेश रमण, लिव्हनी आणि मार्व्हिन सॉलोमन यांनी या प्रणालीतील जुळवणीची रीत एका शोधनिबंधात मांडली आणि तिच्यासाठी त्यांनी दोन शब्द घेतले ते थेट वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींतून आणि लग्न जुळवण्याच्या व्यवहारातून. मराठी वाचकाला ही रीत समजावून सांगण्यास सोयरीक या शब्दाहून चांगला शब्द सापडणे कठीण.

या व्यवस्थेत प्रत्येक यंत्र स्वतःची एक जाहिरात देते आणि प्रत्येक कामही स्वतःची जाहिरात देते. यंत्राच्या जाहिरातीत त्याचे गुणविशेष असतात: प्रोसेसरची जात, कार्यप्रणाली, मेमरी, डिस्कवरील मोकळी जागा, कळफलकाला शेवटचा स्पर्श होऊन गेलेला वेळ. याशिवाय तिच्यात दोन विशेष कलमे असतात. पहिले कलम अटींचे: उदाहरणार्थ, कळफलक १५ मिनिटे शांत असल्याखेरीज बाहेरचे काम घेतले जाणार नाही. दुसरे कलम पसंतीचे: अटी पूर्ण करणारी अनेक कामे आली तर स्वतःच्या विभागातील कामाला अग्रक्रम दिला जाईल. कामाच्या जाहिरातीतही हीच दोन कलमे असतात. त्याला किमान ८ जीबी मेमरी आणि लिनक्स कार्यप्रणाली हवी, ही त्याची अट, आणि अशी अनेक यंत्रे मिळाल्यास ज्याची मेमरी सर्वाधिक ते यंत्र हवे, ही त्याची पसंती. दोन्ही जाहिराती संकलक नावाच्या घटकाकडे जमा होतात, आणि मध्यस्थ नावाचा दुसरा घटक त्या समोरासमोर ठेवून पाहतो.

या जुळवणीचा गाभा तिच्या समानतेत आहे. दुकानातील गिऱ्हाईक वस्तू निवडते, वस्तू गिऱ्हाईक निवडत नाही. परंतु येथे यंत्रालाही नकाराचा अधिकार आहे, आणि दोहोंच्या अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच सोयरीक जुळते. पत्रिकेतील ३६ गुणांपैकी किती जुळले याची जशी बेरीज केली जाते, तशी बेरीज येथे होत नाही. एक अट मोडली तर उरलेल्या सर्व जुळूनही उपयोग नसतो, आणि पसंतीचा विचार अटी पार पडल्यानंतरच सुरू होतो. हा क्रम संशोधकांनी विचारपूर्वक ठरवलेला आहे, कारण मेमरी थोडी अधिक आहे म्हणून चुकीच्या कार्यप्रणालीचे यंत्र कामाच्या गळ्यात मारले तर ते काम सुरूच होणार नाही.

या रचनेतील आणखी एक बारकावा विशेष मोलाचा आहे. एखाद्या कामाने ग्राफिक प्रोसेसरची अट घातली आणि एखाद्या यंत्राच्या जाहिरातीत त्याचा उल्लेखच नसेल, तर उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी कोणते समजावे? साध्या तर्कशास्त्रात दोनच पर्याय असतात. येथे ‘अनिर्दिष्ट’ हे तिसरे मूल्य मानले जाते. नसणे आणि सांगितलेले नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्या प्रणालीला कळते, तिच्यात नव्या प्रकारचे गुणविशेष केव्हाही जोडता येतात. जुन्या जाहिराती त्यामुळे चुकीच्या ठरत नाहीत, त्या त्या गुणाबाबत केवळ मौन राहतात. सरकारी छापील अर्जात जसे रकाने आधीच ठरलेले असतात आणि नवा रकाना हवा असेल तर सर्व अर्ज पुन्हा छापावे लागतात, तसा प्रसंग येथे येत नाही. ज्याला जे सांगावेसे वाटेल ते त्याने सांगावे, आणि ज्याला जे हवे असेल ते त्याने मागावे, एवढी मोकळीक या एका तिसऱ्या मूल्यामुळे मिळते.

मध्यस्थाचे काम ओळख करून देण्यापुरतेच असते. जुळणारी जोडी सापडली की तो दोघांना एकमेकांचा पत्ता देऊन बाजूला होतो. पुढे काम आणि यंत्र परस्परांशी थेट संपर्क साधून अटी पुन्हा तपासतात. ही दुसरी तपासणी अनावश्यक वाटली तरी तशी ती नाही, कारण यंत्र आपली जाहिरात साधारणपणे दर ५ मिनिटांनी ताजी करते, आणि त्या ५ मिनिटांत त्याचा मालक परत येऊन टंकलेखन करू लागलेला असू शकतो. ज्या यंत्राकडून १५ मिनिटे काहीच कळले नाही, त्याची जाहिरात संकलक काढून टाकतो. गुणविशेषांवरून होणारी ओळख ही अशी नेहमी एका क्षणापुरती खरी असते, हे या छोट्याशा नियमात मान्य केलेले आहे. २०१२ मध्ये या प्रणालीचे नाव ‘एचटीकाँडॉर’ असे झाले आणि ती आजही जगभर वापरात आहे.

तिचा एक वापर वऱ्हाडाच्या वेशीवर येऊन ठेपला आहे. १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचा भाग असलेल्या वाशीमची सीमा ओलांडली की हिंगोली जिल्हा लागतो, आणि त्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. काटकोनात मांडलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकरूप होतात तेव्हा अवकाशात उठणारी लहर पृथ्वीवर पोहोचेपर्यंत एवढी क्षीण होते की उपकरणाच्या स्वतःच्या गोंगाटात ती बुडून जाते. तिला शोधण्यासाठी अपेक्षित लहरींचे असंख्य नमुने आधी गणिताने तयार केले जातात आणि नोंदीचा प्रत्येक तुकडा त्या प्रत्येक नमुन्याशी ताडून पाहिला जातो. या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुका या संस्थेतील संजीव धुरंधर यांचे कार्य अग्रगण्य मानले जाते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी पहिली लहर पकडली, त्या शोधात सुमारे अडीच लाख नमुने वापरले गेले होते.

या ठिकाणी गुणविशेषांवरून ओळखण्याची क्रिया दोन पातळ्यांवर चालते, आणि तिचे सौंदर्य त्यातच आहे. वरच्या पातळीवर लहर तिच्या नमुन्यावरून ओळखली जाते. खालच्या पातळीवर, लक्षावधी तुलनांचे ते ओझे वाहण्यास कोणते यंत्र योग्य, हे यंत्राच्या जाहिरातीवरून ओळखले जाते. प्रत्येक तुलना दुसऱ्या तुलनेपासून स्वतंत्र असल्याने त्या जगातील कोणत्याही मोकळ्या यंत्रावर करता येतात. लायगोच्या संगणनजाळ्यात एचटीकाँडॉर वापरले जाते, आणि आयुकामधील ‘सारथी’ हा संगणकसमूह त्या जाळ्याचा भारतातील भाग आहे.

येथवर वर्णन केलेली व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे: यंत्र स्वतःविषयी जे सांगते ते खरे आहे. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्या आपसांतील व्यवहारात हे गृहीत चालून जाते. परंतु बाजारात कापूस आणणाऱ्याने धाग्याची लांबी तोंडी सांगितली म्हणून खरेदीदार ती मान्य करत नाही, तो स्वतः मोजतो. त्याचप्रमाणे जेथे परस्परांवर विश्वास नाही, किंवा यंत्राला स्वतःविषयी काही सांगायचेच नाही, तेथे त्याचे गुण बाहेरून निरीक्षणाने काढावे लागतात. या निरीक्षणाने मिळणाऱ्या ओळखीला संगणकशास्त्रात यंत्राचा ठसा म्हणतात, आणि बोटाच्या ठशाशी असलेले तिचे साम्य केवळ शब्दापुरते नाही.

ठशाचा सर्वांत साधा नमुना जाळ्यावरून येणाऱ्या पाकिटांत सापडतो. पाकीट म्हणजे जाळ्यावरून पाठवलेल्या माहितीचा एक लहान तुकडा. वाट चुकलेले पाकीट अनंतकाळ फिरत राहू नये म्हणून त्यावर किती टप्पे ओलांडता येतील याचा एक आकडा असतो, जो प्रत्येक टप्प्याला एकने कमी होतो. हा आकडा विंडोजवर सहसा १२८ पासून आणि लिनक्सवर ६४ पासून सुरू होतो. त्यामुळे ११७ आकडा असलेले पाकीट आले तर ते बहुधा विंडोज यंत्राकडून ११ टप्पे ओलांडून आले असावे, असा तर्क करता येतो. याहून सूक्ष्म ठसा यंत्रातील घड्याळाचा. संगणकाचे घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते, आणि एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन स्फटिकही तंतोतंत सारखे नसतात. दशलक्षात ५० भाग एवढा फरक असला तर दिवसाला सुमारे ४.३ सेकंदांची तफावत पडते. २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की दूरच्या यंत्राकडून येणाऱ्या वेळेच्या नोंदी बारकाईने पाहिल्यास हा फरक मोजता येतो आणि त्यावरून, त्या यंत्राची कोणतीही संमती वा सहकार्य नसताना, ते पुन्हा ओळखता येते.

मोबाइलच्या बाबतीत नाव आणि ठसा यांतील सीमारेषा सामान्य माणसाच्या प्रत्यक्ष उपयोगाची आहे. प्रत्येक मोबाइलला आयएमईआय नावाचा १५ अंकी क्रमांक असतो आणि *#०६# दाबल्यावर तो पडद्यावर दिसतो. त्यातील पहिले ८ अंक यंत्राचा नमुना सांगतात, पुढचे ६ अंक त्या नमुन्यातील अनुक्रम, आणि शेवटचा अंक आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेला पडताळ्याचा अंक असतो, ज्यामुळे लिहिताना झालेली एखाद्या अंकाची चूक लगेच लक्षात येते. चोरीस गेलेल्या मोबाइलचा हा क्रमांक काळ्या यादीत टाकून देशातील सर्व कंपन्यांच्या जाळ्यांवर तो बंद पाडणारी केंद्रीय नोंदवही १३ सप्टेंबर २०१९ रोजी महाराष्ट्रासाठी मुंबईत प्रथम सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये ती देशभर खुली झाली. परंतु आयएमईआय हे शेवटी नावच आहे, आणि नाव बदलता येते; तो क्रमांक खोडणे वा बदलणे २०१७ च्या नियमांनी गुन्हा ठरवावे लागले, यातच नावाची मर्यादा दिसते. म्हणूनच क्रमांकाने सांगितलेला नमुना आणि यंत्राचे जाळ्यावरील प्रत्यक्ष वर्तन यांचा मेळ बसतो का, हे पाहणे उपयुक्त ठरते.

किती गुणविशेष कळले म्हणजे एक वस्तू बाकीच्या सर्वांतून वेगळी काढता येते, याचे गणित सोपे आणि थोडे धक्कादायक आहे. ज्याचे उत्तर निम्मे लोक ‘होय’ आणि निम्मे ‘नाही’ देतील, असा प्रत्येक प्रश्न शक्यता अर्ध्यावर आणतो. अशा एका प्रश्नातून मिळणाऱ्या माहितीला एक बिट म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८,८८,४४५ आणि अकोला जिल्ह्याची १८,१३,९०६, म्हणजे दोहोंची मिळून ४७,०२,३५१ होती. २ चा २२ वा घात ४१,९४,३०४ होतो आणि २३ वा घात ८३,८८,६०८. म्हणून या दोन जिल्ह्यांच्या २१ तालुक्यांतील कोणत्याही एका व्यक्तीपर्यंत, तिचे नाव न विचारता, योग्य रीतीने निवडलेल्या केवळ २३ प्रश्नांनी पोहोचता येते. मात्र प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. व्यक्ती धारणी तालुक्यातील आहे हे कळल्यावर तिची मातृभाषा कोरकू आहे या माहितीचे मोल कमी होते, कारण पहिल्या उत्तरात दुसऱ्याचा काही अंश आधीच आलेला असतो. संगणकाची कार्यप्रणाली आणि त्यावरील अक्षरवळणांची यादी यांचेही असेच असते.

२०१० मध्ये पीटर एकर्सली या संशोधकाने हे गणित ब्राउझरला लावून पाहिले. संकेतस्थळ उघडताना ब्राउझर आपली आवृत्ती, पडद्याचा आकार, वेळेचा पट्टा, बसवलेली अक्षरवळणे इत्यादी गोष्टी सहज सांगून टाकतो. त्यांतील एकही गुप्त नसते. सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांच्या नमुन्यात ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा एकमेव निघाला, आणि अशा ठशात सरासरी किमान १८.१ बिट माहिती असते, म्हणजे साधारण २ लाख ८७ हजारांत एकाचाच ठसा तसा असतो, असे दिसून आले. २०११ मध्ये सुमारे साडेसहा लाख वस्ती असलेल्या अमरावती शहरात याचा अर्थ असा की, प्रत्येकाच्या हाती एक ब्राउझर असला, तरी एका ठशाचे दोन-तीनच धनी निघतील. त्या दोघातिघांतून एकाला वेगळे काढण्यास मोहल्ल्याचा अंदाज किंवा रोजची वेळ एवढीही माहिती पुरते.

परंतु ठसा केवळ वेगळा असून भागत नाही, तो टिकणाराही असावा लागतो. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरांत पसरलेले मेळघाट हे देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे, आणि वाघांच्या गणनेचा इतिहास हीच गोष्ट सांगतो. पूर्वी वाघ पाऊलठशांवरून मोजले जात. परंतु तेच पाऊल ओल्या मातीत मोठे आणि कठीण जमिनीवर लहान उमटते, चालीप्रमाणे त्याचा आकार बदलतो आणि ठसा घेणाऱ्याच्या हाताप्रमाणेही बदलतो, त्यामुळे एकाच वाघाचे दोन वाघ आणि दोन वाघांचा एक वाघ होण्याचा संभव राहत असे. पुढे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांतील पट्ट्यांवरून ओळख सुरू झाली. पट्ट्यांची रचना वाघ जन्मभर बाळगतो आणि ती कोणत्याही दोन वाघांत सारखी नसते. छायाचित्रातील शरीराचा बाक आणि कोन लक्षात घेऊन पट्टे ताडून पाहणारी संगणकप्रणालीही त्यासाठी वापरली जाते. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असल्यामुळे दोन्ही बाजूंची छायाचित्रे लागतात, ही अडचण यंत्रांच्या ओळखीतही जशीच्या तशी येते, कारण एकच संगणक दोन वेगळ्या ब्राउझरांतून पाहिला तर दोन यंत्रे वाटू शकतो.

वाघाची ओळख वाघाच्या रक्षणासाठी केली जाते. माणसाच्या हातातील यंत्राची ओळख कोणासाठी केली जाते, हा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो टाळणे योग्य नव्हे. काँडॉरमधील यंत्र स्वतःहून जाहिरात देते, तिच्यातील प्रत्येक ओळ त्याच्या मालकाने मान्य केलेली असते आणि नकाराचा अधिकार त्याच्यापाशी राहतो. ठसा घेतला जातो तेव्हा यांपैकी एकही गोष्ट असेलच असे नाही. तंत्र तेच, तुलना तीच, परंतु एकात यंत्राचा मालक व्यवहारातला पक्ष असतो आणि दुसऱ्यात तो केवळ लक्ष्य असतो. बँकेला अनोळखी यंत्रावरून आलेला व्यवहार थांबवता यावा म्हणून घेतलेला ठसा आणि जाहिराती मागे लावण्यासाठी घेतलेला ठसा यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीची व्याख्या नावाच्या आधारे केलेली नाही. जिच्यावरून किंवा जिच्या संदर्भात व्यक्ती ओळखता येते अशी माहिती, असे तिचे स्वरूप आहे, आणि नाव नसलेला ठसाही त्यामुळे विचारात येऊ शकतो. यंत्रे बनवणाऱ्यांनीही काही उपाय योजले आहेत. पूर्वी मोबाइल प्रत्येक वायफायला आपला कायमचा ४८ बिटांचा मॅक पत्ता सांगत असे, तेथे आता अनेक मोबाइल दर जाळ्यागणिक वेगळा, कृत्रिम पत्ता सांगतात.

संमतीने दिलेल्या जाहिरातीची जी रीत आहे, तिचा वऱ्हाडाने अधिक लाभ घ्यावा असे मानण्यास सबळ कारण आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात पाच जिल्हे येतात; अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून चालू आहे, अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, आणि त्यांच्याभोवती महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांचे मोठे जाळे आहे. प्रात्यक्षिकांचे तास संपले की या प्रयोगशाळांतील यंत्रे दुसऱ्या दिवसापर्यंत रिकामी असतात. कपाशीच्या पानांच्या हजारो छायाचित्रांतून रोग ओळखणे, पावसाच्या जुन्या नोंदींवरून पेरणीच्या तारखांचे पर्याय तपासणे, संकरित वाणांच्या चाचण्यांचे सांख्यिकी विश्लेषण करणे, ही कामे गुरुत्वीय लहरींच्या तुलनेसारखीच लहान लहान स्वतंत्र तुकड्यांत मोडता येतात, आणि त्यांना महासंगणकाची गरज नसते. त्यांना गरज असते ती पुष्कळ साध्या यंत्रांच्या मोकळ्या वेळेची. लिव्हनींनी विस्कॉन्सिनमध्ये सुरुवात केली तीही अशाच साध्या यंत्रांपासून. एचटीकाँडॉर विनामूल्य मिळते, त्यामुळे प्रारंभीचा खर्च मुख्यतः श्रमाचा आहे: डेडस्टॉक रजिस्टरातील प्रत्येक क्रमांकासमोर त्या यंत्राचे खरे गुणविशेष लिहिणे, आणि ते केव्हा, कोणाला व कोणत्या अटीवर उपलब्ध असेल, हे त्या त्या विभागाकडून ठरवून घेणे.

येथील यंत्रांच्या जाहिरातीत काही ओळी विस्कॉन्सिनच्या थंड प्रदेशात सहसा सुचणार नाहीत अशा असतील. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि कूलरवर अवलंबून असलेल्या खोलीत त्या दुपारी सर्व प्रोसेसर पूर्ण वेगाने चालवणे यंत्राच्या आयुष्याच्या दृष्टीने हिताचे नाही. परंतु या प्रणालीत हवा तो गुणविशेष जोडता येत असल्याने, खोलीतील तापमान मोजून ते दर ५ मिनिटांनी जाहिरातीत लिहिणारा छोटा कार्यक्रम बसवता येतो, आणि तापमान ठरावीक अंशाखाली असेल तरच काम घ्यावे, अशी अट यंत्राला घालता येते. वीज गेल्यावर यंत्र किती मिनिटे बॅटरीवर तग धरेल, हेही त्याच जाहिरातीत सांगता येते. ज्या प्रयोगशाळेत तापमापक बसवलेला नाही, तेथील यंत्राच्या जाहिरातीत ती ओळ नसेल, आणि तेथे काम पाठवू पाहणाऱ्याला त्या गुणाबाबत ‘अनिर्दिष्ट’ एवढेच उत्तर मिळेल; त्यानंतर, उन्हाळ्यात असे यंत्र वगळायचे की रात्री दहानंतर त्याला काम द्यायचे, हे अकोल्याची हवा ओळखणारा संशोधक आपल्या अटींच्या कलमात एका ओळीने लिहू शकतो.